बाबांची एक सही आणि लिस्बनमधली नोंद

ठाण्यात राहणाऱ्या, खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स असलेल्या ३७ वर्षांच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. माहेर गोव्याचे. वडील १९५५ साली पेडणे तालुक्यात जन्मले, सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झाले. गावात त्यांच्या नावावर काजूची बागायत आहे. आई सावंतवाडीची. नवरा खासगी नोकरीत, मुले १० आणि ६ वर्षांची. म्हापशातल्या एका एजंटाने त्यांना सांगितले की वडिलांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला असल्यामुळे मुलीला आणि नातवंडांना ‘दुहेरी नागरिकत्व’ मिळते. वडिलांनी फक्त कागदांवर सही करायची, पासपोर्ट काढायचाच नाही, म्हणजे त्यांचे इथले काही बिघडत नाही. खर्च चार लाख. पुढचा बेत लंडनचा, मुलांचे शिक्षण तिकडे फुकट होईल या हिशेबाने. वडील गप्प आहेत. भाऊ चिडला आहे, ‘म्हातारपणी त्यांना परदेशी करणार का’ म्हणतो. भगिनी विचारतात, हक्क आमचा असताना तो घेण्यात चूक काय? आणि घ्यायचा तर नेमके काय करायचे?

ताई,

हक्क आहे, यात वाद नाही. पण एजंटाने तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली आहे, आणि उरलेली अर्धी तुमच्या बाबांच्या वाट्याला आली आहे. म्हणून आधी हा हक्क येतो कुठून ते पाहू.

गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. तोवर गोवा, दमण आणि दीवमध्ये जन्मलेली माणसे पोर्तुगालच्या लेखी पोर्तुगीज नागरिक होती. मार्च १९६२ मध्ये भारत सरकारने आदेश काढला. ज्यांचा स्वतःचा, आईवडिलांपैकी कुणाचा किंवा आजीआजोबांपैकी कुणाचा जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वी या भूमीत झाला, ते भारतीय नागरिक मानले जातील. ज्यांना ते नको असेल त्यांनी महिन्याभरात लेखी कळवावे. सहा-सात वर्षांच्या तुमच्या बाबांना अर्थातच कुणी विचारले नाही. पोर्तुगालने मात्र गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते तिथली हुकूमशाही कोसळल्यावर, ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात. पुढच्याच वर्षी केलेल्या कायद्यात त्यांनी एक वाट मोकळी ठेवली. पूर्वीच्या पोर्तुगीज भारतात जन्मलेल्या माणसाने ‘मला पोर्तुगीज नागरिकत्व राखायचे आहे’ असे जाहीर केले, तर ते राखता येईल. गोव्यातली ही सगळी प्रकरणे त्या एका वाक्यावर उभी आहेत.

म्हणजे बाबांच्या बाबतीत हे वंशाने मिळणारे नागरिकत्व नव्हेच. ते स्वतः मूळ धनी. तुम्ही पोर्तुगीज नागरिकाची परदेशात जन्मलेली मुलगी, आणि तुमची मुले तुमच्यामुळे. बाबांचा जन्म लिस्बनच्या दप्तरात चढल्याशिवाय तुमचा अर्ज उभाच राहत नाही. त्यामुळे ‘बाबांनी फक्त सही करायची’ यातला ‘फक्त’ हा शब्द तुमच्या पत्रातला सगळ्यात महाग शब्द आहे.

त्याच्या खालोखाल महाग शब्द ‘दुहेरी’. पोर्तुगालला दुहेरी नागरिकत्व चालते. भारताला चालत नाही, आणि दोघांपैकी एकाला चालत नसेल तर ते दुहेरी राहत नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ चे कलम ९ सांगते की भारतीय नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. यासाठी कुणी आदेश काढावा लागत नाही, तुम्ही पासपोर्ट परत करावा लागत नाही. ते त्याच क्षणी संपलेले असते. २००९ च्या नियमांत तर परदेशी पासपोर्ट मिळवणे हाच त्याचा निर्णायक पुरावा मानला आहे. एजंट म्हणतो दोन्ही पासपोर्ट ठेवता येतात. कपाटात ठेवता येतात, हे खरे. पण त्यातला भारतीय पासपोर्ट विमानतळावर काढला की पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा होतो.

गोंधळात भर घालते ते ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड. त्याच्या नावात ‘सिटिझन’ आहे, म्हणून लोक त्याला दुसरे नागरिकत्व समजतात. व्यवहारात तो आयुष्यभराचा व्हिसा आहे. कितीही वेळा या, कितीही राहा, नोकरी करा, फ्लॅट घ्या. पण मतदान नाही, निवडणूक नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन किंवा बागायत विकत घेणे नाही. वारसाने मिळालेली शेतजमीन ठेवता येते, पण विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. पेडण्याची काजूची बागायत उद्या तुमच्या आणि भावाच्या नावावर येईल, तेव्हा हे वाक्य आठवेल. आणि मुलांपैकी कुणाला डॉक्टर व्हायचे असेल तर हेही ऐका. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय झालेल्या मुलांना ‘नीट’मधून फक्त एनआरआय किंवा अधिसंख्य, म्हणजे ठरलेल्या संख्येवरच्या जादा, जागा मिळतात. केवळ भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागांवर त्यांचा हक्क नाही. त्यामुळे तुमच्या दहा वर्षांच्या मुलाबद्दलचा निर्णय तुम्ही आज घेतलात, तर त्याचे बिल आठ वर्षांनी त्याच्या हातात पडेल.

आता बाबा. ‘पासपोर्ट काढायचा नाही, म्हणजे काही बिघडत नाही’ ही समजूत गोव्यात घरोघरी आहे, म्हणून इथे जरा थांबू.

पोर्तुगालच्या दृष्टीने पासपोर्ट हा प्रवासाचा कागद. नागरिकत्व ठरते ते लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयातल्या जन्मनोंदीने. नोंद चढली की माणूस पोर्तुगीज, मग तो आयुष्यात पासपोर्ट काढो वा न काढो. भारताच्या बाजूने या मुद्द्यावर वाद आहे. एक पक्ष म्हणतो, जो जन्मानेच पोर्तुगीज होता त्याने नवे काही ‘घेतले’ नाही, जुन्या गोष्टीची नोंद केली. दुसरा पक्ष म्हणतो, १९६२ पासून तो भारतीय आहे, आणि इतक्या वर्षांनी स्वतःहून अर्ज करून, सही करून नोंद करवून घेणे ही स्वेच्छा नाही तर काय? निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींविरुद्धही गोव्यात याच मुद्द्यावर तक्रारी झाल्या आहेत. वकिलांसाठी प्रश्न रंजक आहे. सत्तरीच्या निवृत्त मास्तरांनी स्वतःला त्याचा नमुना म्हणून उभे करावे का, हा वेगळा प्रश्न.

कारण दुसरा पक्ष खरा ठरला तर बाबा सही केल्या दिवसापासून नाही, तरी नोंद झाल्या दिवसापासून परदेशी ठरतात. म्हणजे मतदार यादीतले नाव बेकायदा, भारतीय पासपोर्ट बेकायदा, आणि स्वतःच्या घरात राहायलाही व्हिसा किंवा ओसीआय हवे. बागायत आपोआप जात नाही, ती भीती सोडा. पण पेन्शनचे काय, हे त्यांच्या पेन्शन कार्यालयाकडून आधी लेखी उत्तर घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. तोंडी उत्तर चालणार नाही. ‘कुणाला कळणार’ म्हणाल तर कळवणाऱ्या तुम्हीच असाल. तुमचा अर्जच बाबांच्या नोंदीचा हवाला देऊन होतो. पुढे तुम्ही भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय मागाल तेव्हा नागरिकत्व कशाच्या आधारे मिळाले, ही गोष्ट कागदावर येतेच.

भावाचे बोलणे तुम्हाला अडवणूक वाटते आहे, पण तो योग्य जागी बोट ठेवतो आहे. आणि बाबांचे गप्प बसणे ही संमती समजू नका. लेकीला नाही म्हणता येत नाही म्हणून गप्प बसणारे बाप आपल्याकडे पुष्कळ. त्यांना हे वरचे सगळे, एजंटाच्या नव्हे तर तुमच्या तोंडून, भावाच्या समोर सांगा. त्यांनी नाही म्हटले तर विषय तिथे संपतो, आणि तसे म्हणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. लेकीचा हक्क बापाच्या नागरिकत्वातून वाट काढत असेल तर पहिला शब्द बापाचा.

हे सगळे कशासाठी, तेही पाहायला हवे. लंडनसाठी? ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला मुक्त संचाराची मुदत संपली. स्विंडन, साउथॉलमध्ये स्थिरावलेले गोवेकर त्याआधीचे. पोर्तुगीज पासपोर्टवर तुम्ही आज ब्रिटनमध्ये प्रवासी म्हणून सहा महिन्यांपर्यंत राहू शकता, तेही आधी ऑनलाइन परवानगी काढून. नोकरीसाठी ठाण्याच्या नर्सला जो व्हिसा लागतो तोच पोर्तुगीज पासपोर्टवाल्या नर्सलाही लागतो. मुलांच्या विद्यापीठाची फी परदेशी दराने. तुमच्या एजंटाला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

इंग्रजी बोलणारा देश हवा तर आयर्लंड उरतो. तिथे पोर्तुगीज पासपोर्टला खरी किंमत आहे, कारण नोकरीसाठी परवाना लागत नाही. पण फुकट शिक्षणाचा हिशेब तिथेही चुकतो. पदवीची फी सरकारने भरावी यासाठी विद्यार्थ्याने आधीच्या पाचांपैकी तीन वर्षे युरोपीय संघात किंवा संबंधित देशांत काढलेली असावी लागतात. ठाण्यात बारावी करून लिस्बनचा पासपोर्ट घेऊन डब्लिनला उतरलेल्या मुलाला ती सवलत नाही.

तुमच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. पासपोर्ट युरोपीय झाला तरी नर्सिंगची पदवी भारतीयच राहते. आयर्लंडच्या नर्सिंग मंडळाकडे पात्रता तपासून घेणे, आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, नंतर अभिक्षमता चाचणी किंवा रुग्णालयातला अनुकूलन काळ, हे सगळे तुम्हाला दोन्ही पासपोर्टांवर सारखेच करावे लागेल. आणि ते केल्यावर भारतीय पासपोर्टवरही आयर्लंड तुम्हाला बोलावते. नर्सिंग तिथल्या ‘क्रिटिकल स्किल्स’, म्हणजे तुटवड्याच्या कौशल्यांच्या, यादीत आहे, नवरा आणि मुले सोबत येऊ शकतात, आणि नवऱ्याला वेगळा परवाना न काढता नोकरी करता येते. बाबांना हात न लावता. पाच वर्षे तिथे राहिल्यावर तिथल्या नागरिकत्वाचा विचार करता येतो, तेव्हा निर्णय तुमचा आणि परिणामही तुमचाच. तुमच्या पत्रात या वाटेचा उल्लेखही नाही, याचे नवल वाटले. चार लाख खर्चायचेच असतील तर ते परीक्षा आणि नोंदणी यांवर खर्चण्याचा विचार एजंटाच्या घरी जाण्याआधी करा.

पोर्तुगालमध्येच जायचे असेल तर भाषा हवी, आणि पगाराचा अंदाज हवा. तिथले किमान वेतन २०२५ मध्ये महिन्याला ८७० युरो होते, वर्षाला १४ हप्ते. लिस्बनची घरभाडी पाहिली की बरेच गोवेकर तिथे का थांबत नाहीत ते कळते.

एवढे वाचूनही बाबा, तुम्ही, भाऊ एकत्र बसून ‘करायचे’ असे ठरवलेत, तर आता कामाचे बोलू. अशाच विचारात असलेल्या इतर वाचकांनाही हे उपयोगी पडेल.

पहिला कागद बाबांच्या जन्माचा, आणि तो साधा दाखला नव्हे. गोव्यातले लोक ज्याला ‘तियोर’ म्हणतात ती हवी, म्हणजे मूळ नोंदीची शब्दशः पूर्ण नक्कल. ती तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे मिळते. जुनी वही हलवली गेली असेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात शोध घ्यावा लागतो. नोंद पोर्तुगीजमध्ये आणि हस्ताक्षरात असते. इथेच पहिली ठेच लागते. पोर्तुगीज कारकुनाने आपली नावे त्याच्या कानाने लिहिली आहेत. ‘श’ला एक्स, ‘क’ला कधी सी तर कधी क्यू. नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई येते, विष्णूचा ‘विष्णुं’ होतो, केणींच्या सुरुवातीलाही क्यू बसतो. डिचोली तिथे ‘बिचोलिं’ असते आणि पेडणे ‘पेर्नें’. त्यामुळे इंग्रजी आद्याक्षरावरून सूचीत शोधाल तर नोंदच नाही असे उत्तर मिळेल. उच्चारावरून शोधा आणि आजोबांचे नाव, गाव, वाडा सोबत ठेवा.

दुसरी ठेच तारखेची. आपल्याकडे शाळेत नाव घालताना मास्तरांनी अर्ध्या गावाचा जन्म १ जूनला लावलेला असतो. बाबांच्या सेवापुस्तकात आणि पासपोर्टवर एक तारीख आणि नोंदवहीत दुसरी, असे निघाले तर अर्ज अडकतो. नियम लक्षात ठेवा, मूळ नोंदवहीकडे बाकीचे कागद वळवायचे, नोंदवही कागदांकडे वळवायची नाही. पासपोर्टवरची तारीख जन्मदाखल्याच्या आधारे दुरुस्त करून घेता येते. नावातला फरक ‘ही एकच व्यक्ती’ अशा प्रतिज्ञापत्राने काही वेळा निभतो. जन्मवर्षातला फरक मात्र प्रतिज्ञापत्राने क्वचितच. नोंदवहीत खाडाखोड करून ‘जुळवून’ देणारा माणूस भेटेल. त्याच्यापासून लांब राहा. बनावट नोंदींची प्रकरणे उघडकीस आली आहेत, आणि एकदा लिस्बनला संशय आला की खरा कागदही पुढे सरकत नाही.

दुसरा कागद आईबाबांच्या लग्नाचा, कारण बाबांचे लग्नही तिथे नोंदवावे लागते. लग्न गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारपुढे झाले असेल तर सोपे. सावंतवाडीत आईच्या माहेरी लागले असेल तर बहुधा लग्नपत्रिका, फोटो आणि भटजींची आठवण एवढाच पुरावा उरला असेल. तेव्हा महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली आता नोंद करून घ्यावी लागेल. आणि इथे आपली एक खास चाल आडवी येते, लग्नात बायकोचे नाव बदलणे. आईच्या जन्मदाखल्यावर माहेरचे नाव, तुमच्या जन्मदाखल्यावर सासरचे, आडनाव तर वेगळेच. पोर्तुगीज दप्तराला बाईचे जन्माचे नाव हवे असते, आणि दोन नावांची बाई त्यांना दोन बायका वाटतात. राजपत्रात नाव बदलाची प्रसिद्धी केलेली असेल तर तिची प्रत शोधा. नसेल तर विवाह नोंदणीच्या दाखल्यावर दोन्ही नावे लिहून घ्या. हीच तपासणी तुमच्या स्वतःच्या नावाचीही करा.

तिसरा कागद तुमचा जन्मदाखला, आणि त्यावरची एक तारीख कुणी पाहत नाही. जन्माची नव्हे, नोंदणीची. पोर्तुगालचा नियम असा की बाप-लेकीचे नाते मूल अठरा वर्षांखालचे असतानाच कागदावर आलेले असावे. जन्म १९८८ चा आणि नोंद मात्र तहसीलदारांच्या आदेशाने २०१० ची असेल, तर अर्ज इथेच अडतो. मग अठरा वर्षांच्या आतले इतर पुरावे गोळा करावे लागतात. वडिलांचे नाव असलेली शाळेची नोंद, लहानपणीचा पासपोर्ट, रुग्णालयाचे कागद. तुमचा जन्म म्हापशाच्या रुग्णालयात झाला असेल तर बहुधा वेळेवर नोंद असेल, पण आजच दाखला काढून पाहा.

या प्रत्येक कागदावर आधी राज्य शासनाच्या विभागाची साक्षांकन मोहोर आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीचे प्रमाणपत्र, लागते. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या हेग करारात आहे. मंत्रालयाची फी कागदामागे ५० रुपये, त्यावर एजन्सीचे सेवाशुल्क. अपोस्टिल जुन्या लॅमिनेट केलेल्या दाखल्यावर होत नाही, ताजी प्रमाणित प्रत काढा. आधी नावांच्या दुरुस्त्या, मग ताज्या प्रती, मग अपोस्टिल. हा क्रम उलटला की पैसे दोनदा जातात. इंग्रजी आणि मराठी कागदांचे प्रमाणित पोर्तुगीज भाषांतर सोबत लावा. ‘तियोर’ मुळात पोर्तुगीजच असल्याने तिचा तो खर्च वाचतो.

अर्ज पणजीच्या पोर्तुगीज महावाणिज्य दूतावासामार्फत जातो किंवा लिस्बनमधल्या वकिलामार्फत थेट. क्रम असा, आधी बाबांचा जन्म, मग त्यांचे लग्न, मग तुमचा जन्म. एक पायरी पुरी झाल्याशिवाय पुढची चढता येत नाही, आणि लिस्बनची रांग पाहता हे काम महिन्यांत नव्हे, वर्षांत मोजायचे. पोर्तुगीज सरकारची फी मोठ्या माणसाच्या अर्जाला अडीचशे युरोंच्या आत आहे. आता एजंटाच्या चार लाखांकडे पुन्हा एकदा पाहा. काही पैसे भाषांतर आणि वकिलाचे असतील, ते योग्यच. पण त्याच्याकडून कामवार लेखी हिशेब मागा, मूळ कागद त्याच्याकडे ठेवू नका, आणि बाबांकडून सर्वाधिकाराचे मुखत्यारपत्र तर मुळीच देऊ नका. द्यायचेच तर या एका नोंदणीपुरते, नाव आणि कार्यालय लिहून. सुरुवातीलाच लिस्बनच्या वकिलाला एक विचारायला सांगा, बाबांच्या नावाची नोंद तिथे आधीच कुणी करून ठेवली आहे का? भलत्याच माणसाने दुसऱ्याच्या जन्मदाखल्यावर नोंद करून घेतल्याचे प्रकार झाले आहेत.

नोंद झाल्यावर नागरिक ओळखपत्र आणि पासपोर्ट. पासपोर्ट हातात आला की भारतीय पासपोर्टवर एकही प्रवास नाही. तो परत करून सरेंडर सर्टिफिकेट घ्या, मतदार यादीतून नाव काढण्यासाठी ७ नंबरचा अर्ज भरा, मग ओसीआय. भारतात अर्ज केल्यास त्याची फी १५,००० रुपये, परदेशात २७५ डॉलर. लपवून ठेवल्यावर पासपोर्ट कार्यालयानेच तुमचा भारतीय पासपोर्ट रद्द केला, तर हाती सरेंडर सर्टिफिकेट येत नाही आणि ओसीआय अडू शकते. गोव्यात गेल्या काही वर्षांत अनेक कुटुंबे नेमकी इथे अडकली. स्वतःहून, वेळेत परत केलेला पासपोर्ट यासाठी महत्त्वाचा. पुढे मन बदलले तर ओसीआय होऊन पाच वर्षे झाल्यावर आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहिल्यावर, परके नागरिकत्व सोडून पुन्हा भारतीय होण्याची तरतूद कायद्यात आहे.

नवऱ्याला या साखळीतून आपोआप काही मिळत नाही. लग्न पोर्तुगालमध्ये नोंदवले गेले असेल तर तीन वर्षांनंतर त्यांना स्वतंत्र अर्ज करता येतो. तो करायलाच हवा असे नाही, तुमच्यासोबत आयर्लंड किंवा जर्मनीत राहण्याचा हक्क त्यांना तुमचा जोडीदार म्हणूनही मिळतो. मुलांचे मात्र थांबवा. तुमची नोंद झाली की त्यांची मागाहून करता येते, आणि थोरल्याचा ‘नीट’चा प्रश्न सुटेपर्यंत घाई नको.

‘कायदा बदलला तर?’ हे एजंटाचे शेवटचे हत्यार असते, आणि ते अगदीच पोकळ नाही. इटलीने मार्च २०२५ मध्ये एका रात्रीत पणजोबा-खापरपणजोबांच्या नावावरचे दावे बंद करून आईवडील आणि आजीआजोबांपर्यंतच मर्यादा घातली. अर्जेंटिना, ब्राझीलमधल्या कितीतरी कुटुंबांचे गोळा केलेले कागद तसेच राहिले. पोर्तुगालच्या संसदेतही त्याच वर्षी नागरिकत्वाच्या कायद्यावरून रणकंदन झाले. पण तुमची साखळी बाप ते मुलगी एवढीच आहे, आणि असे बदल आधी लांबच्या पिढ्यांना लागतात. घाईने सही करण्याइतके ते कारण मोठे नाही.

सध्या एवढेच करा. तुमचा जन्मदाखला, आईचा विवाहाचा पुरावा आणि बाबांची ‘तियोर’ काढा. हे तीन कागद काढल्याने कुणाचेही नागरिकत्व हलत नाही. ते पाहिल्यावर अर्ज मुळात टिकणारा आहे की नाही हे चार लाख न घालवता कळेल. समांतर आयर्लंडच्या नर्सिंग मंडळाकडे पात्रतेची चौकशी सुरू करा. आणि पेडण्याच्या कार्यालयात जाल तेव्हा एजंटाला नव्हे, बाबांना आणि भावाला सोबत न्या. त्या जुन्या वहीतल्या वळणदार पोर्तुगीज अक्षरांत आपल्या आजोबांचे नाव कोणते आणि शेजारच्या वाड्यावरच्या माणसाचे कोणते, हे बोट ठेवून सांगू शकणारे घरात आता बाबा एकटेच आहेत.